'विषयाला धरून बोला' : विनयातील सभानीती आणि आपल्या सभा

आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू झाला म्हणजे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गावोगावच्या विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचे सामुदायिक वाचन सुरू होते व ते अश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. कऱ्हाड-कोरेगावकडील प्रशस्त विहार असो, की माण, आटपाडी, जत ह्या दुष्काळी तालुक्यांतील एका खोलीचा विहार असो, क्रम बहुधा सारखाच. त्रिसरण-पंचशील, वाचन, वाचलेल्या भागावर एखाद्या जाणत्या उपासकाचे विवेचन आणि अखेरीस प्रश्नोत्तरे. ह्या अखेरच्या भागात एक वाक्य हमखास कानी पडते : "विषयाला धरून बोला." वाचन झालेले असते प्रतीत्यसमुत्पादाचे आणि मागे बसलेल्या एखाद्या आजी विचारतात, "बाबा, मसणवट्याच्या वाटंचं काय झालं?" थोडा हशा होतो. सूत्रसंचालक नम्रपणे सांगतात, "आजी, तो विषय इथला नव्हे." आजी खाली बसतात.

ह्याच प्रसंगाची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. प्रश्नोत्तरे सुरू होताच कोणी एक उठतो आणि पक्षातील गटातटाचे जुने उणेदुणे काढू लागतो. दुसरा त्यास उत्तर देतो. महिला आणि मुले उठून घरी जातात. असे चार-सहा वेळा घडले की पुढच्या वर्षी त्या विहारातील वाचन थंडावते. अश्विन पौर्णिमा येते, पण आठ खंडांचा ग्रंथ तिसऱ्या-चौथ्या खंडापुढे सरकलेला नसतो. अशा वेळी सूत्रसंचालकाने "विषयाला धरून बोला" असे म्हटले नाही, तर त्याने आपले कर्तव्य केले नाही असेच म्हणावे लागेल.

तेव्हा प्रश्न असा की, एकाच वाक्याने एका ठिकाणी सभा वाचते आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस गप्प होतो, तर ह्या दोहोंतील सीमारेषा कोठे आखावी? पालि विनयाने आणि सुत्तांनी ह्या प्रश्नाचा विचार पुष्कळ बारकाईने केलेला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा क्वचितच होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खुसंघास संसदीय कार्यपद्धतीचे नियम ठाऊक होते, हे आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतगणना, शलाकांनी होणारे मतदान, निंदाव्यंजक ठराव अशी नावे घेऊन सांगितले. हे वाक्य आपण जयंतीच्या व्यासपीठावरून अभिमानाने उद्धृत करतो. ते नियम प्रत्यक्षात काय होते, हे मात्र फारसे कोणी उलगडून सांगत नाही.

प्रथम अंगुत्तर निकायातील तिकनिपाताकडे वळू. त्यातील कथावत्थु सुत्तात, चर्चेस योग्य मनुष्य कोण आणि अयोग्य कोण, हे त्याच्या बोलण्यावरूनच ओळखावे असे भगवंतांनी सांगितले आहे. प्रश्नाचे उत्तर न देता जो एकावर दुसरेच काढून टाळाटाळ करतो, चर्चा विषयाबाहेर नेतो, आणि राग, द्वेष व असंतोष प्रकट करतो, तो चर्चेस अयोग्य. एवढ्यावर सुत्त थांबले असते, तर ते सूत्रसंचालकाच्या हातातील दंडुका झाले असते. पण लगेच पुढे दुसरी यादी येते. जो समोरच्यास शब्दांनी दडपतो, चिरडतो, त्याची हेटाळणी करून हसतो, त्याच्या बोलण्यातील चूक धरून बसतो, तोही चर्चेस तितकाच अयोग्य. विषय सोडणारा आणि विषय सोडल्याबद्दल दुसऱ्यास हसणारा, असे दोघेही एकाच तराजूत तोलले आहेत. आजींच्या प्रश्नावर जो हशा झाला, त्याचा हिशेब ह्या दुसऱ्या यादीत होतो.

त्याच सुत्तात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांचे सरळ एकच उत्तर द्यावे, काहींचे विभाग करून द्यावे, काहींना प्रतिप्रश्न विचारून द्यावे आणि काही प्रश्न बाजूस ठेवावेत. ह्या चौथ्या प्रकारास 'ठपनीय' म्हणतात. हे सुत्त प्रश्न बाजूस ठेवण्याचा अधिकार नाकारत नाही. मालुंक्यपुत्ताने जग शाश्वत की अशाश्वत इत्यादी प्रश्नांचा आग्रह धरला, तेव्हा भगवंतांनी ते प्रश्न बाजूस ठेवलेच. परंतु का ठेवले, हे विषारी बाणाने घायाळ झालेल्या माणसाच्या उपमेने सविस्तर समजावून दिले. ठपनीय प्रश्नालासुद्धा कारण मिळण्याचा हक्क आहे, एवढे तरी ह्यातून निश्चित होते. "तो विषय इथला नव्हे" हे कारण नव्हे. "तो विषय कुठला" हे सांगितले तर ते कारण होईल.

आता विनयातील प्रत्यक्ष नियम पाहू. भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांपैकी बारावा नियम 'अञ्ञवादक' आणि 'विहेसक' ह्यांच्याविषयी आहे. अञ्ञवादक म्हणजे भलतेच बोलणारा, विहेसक म्हणजे संघास त्रास देणारा. ह्याची कथा कोसंबीच्या घोसितारामात घडते. छन्न नावाच्या भिक्खूकडून गैरवर्तन झाले व संघात त्याची विचारपूस सुरू झाली. तेव्हा तो उत्तर देईना. दोष कोणाचा, कसला, कशाविषयी, तुम्ही बोलता तरी कोणाला, असे उलट प्रश्न करून फेऱ्यांत फेरे घालू लागला. त्यावर नियम झाला. मग छन्नाने युक्ती बदलली. भलते बोलले तर दोष लागतो ना, मग बोलायचेच नाही! तो मौन धरून बसला आणि संघ तसाच ताटकळला. म्हणून नियमात दुसरा शब्द घातला गेला. विषयांतर आणि हेतुपूर्वक मौन ही दोन्ही टाळाटाळीचीच रूपे होत, हे ह्या नियमाने ओळखले. जाब विचारला असता मुद्दाम गप्प बसणारे पदाधिकारी आपणही पाहिलेले आहेत. त्यांना कोणी 'विषयाला धरा' म्हणत नाही, कारण ते बोलतच नाहीत.

ह्या नियमाची रचना मूळ कथेहून अधिक उद्बोधक आहे. भलते बोलणारा म्हणून कोणास ठरविण्याचा अधिकार कोणा एका स्थविराला नाही. संघापुढे रीतसर ञत्ति, म्हणजे प्रस्तावाची सूचना मांडावी, त्यावर संघाची संमती घ्यावी, आणि मगच तो आरोप त्या भिक्खूवर बसतो. आरोप बसण्यापूर्वीचे विषयांतर हा दुक्कट, म्हणजे किरकोळ दोष होय; पाचित्तिय होते ते आरोपानंतर. तसेच हा दोष कोणास लागत नाही, हेही सांगितले आहे. माहीत नाही म्हणून जो विचारतो त्याला तो लागत नाही. आजारी असल्यामुळे जो बोलत नाही त्याला नाही. आपल्या बोलण्याने संघात भांडण किंवा फूट होईल ह्या काळजीने जो गप्प राहतो त्यालाही नाही. आणि समोर चाललेले कर्म अधर्माचे आहे, अपुऱ्या संघाने चालविले आहे, किंवा ज्याच्यावर ते चालले आहे तो त्यास पात्रच नाही, असे वाटून जो उत्तर देत नाही, त्यालाही दोष नाही.

ह्यातील पहिला अपवाद आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. न कळणाऱ्याने केलेला प्रश्न कधीच विषयांतर ठरत नाही. स्मशानाच्या वाटेची गोष्ट विहारात विचारणारी स्त्री काही टाळण्यासाठी ती विचारत नाही. ती कोठे विचारावी हे तिला ठाऊक नसते. किंवा ठाऊक असते. तेथे विचारून झालेले असते आणि उत्तर मिळालेले नसते. छन्न आणि आजी ह्यांत हाच फरक आहे. छन्नाला प्रश्न विचारला गेला होता आणि तो उत्तर चुकवीत होता. आजी स्वतः प्रश्न विचारीत आहेत.

मग संघात खरोखरच शब्दांचा महापूर आला तर काय करावे? त्यासाठी 'उब्बाहिका' ही व्यवस्था होती. निर्णय करताना अंतहीन भाषणे होऊ लागली आणि कोणत्याच बोलण्याचा अर्थ लागेना, तर संघाच्या संमतीने काही निवडक भिक्खूंकडे तो विषय सोपवावा. समितीत कोणी धम्मकथिक केवळ शब्दांच्या आडोशाने अर्थ झाकू लागला, तर त्यास रीतसर ञत्ति मांडून उठविण्याचीही तरतूद आहे. वेसालीच्या दुसऱ्या संगीतीत, दहा वस्तूंच्या वादाच्या वेळी, नेमके हेच घडले. पूर्वेकडील चार आणि पश्चिमेकडील चार अशा आठ भिक्खूंची निवड झाली. सब्बकामी व रेवत हे त्यांतील प्रमुख. अवघी दहा वर्षे उपसंपदा झालेल्या अजित नामक भिक्खूस आसनव्यवस्था पाहण्यासाठी नेमले. बाबासाहेबांनी १९४९ च्या भाषणात आसनव्यवस्थेचा उल्लेख प्रथम का केला असावा, ते ह्यावरून ध्यानी येते. पण समितीने निर्णय केल्यावरही गोष्ट संपली नाही. तेच दहा प्रश्न पुन्हा सर्व संघापुढे विचारले गेले आणि त्यांची उत्तरे सर्वांच्या कानांवर घातली गेली. विषय समितीकडे गेला म्हणजे तो सभेच्या डोळ्यांआड गेला, असे तेव्हा नव्हते.

ह्या वादाला तोंड फोडले यस काकंडकपुत्ताने. उपोसथाच्या दिवशी वेसालीचे भिक्खू उपासकांकडून पैसे गोळा करीत होते. त्याने उपासकांसमोरच त्यास हरकत घेतली. त्याला आधी त्या पैशांतला वाटा देऊ केला. तो नाकारताच, उपासकांचा अवमान केला म्हणून त्यांची क्षमा मागण्याचे कर्म त्याच्यावर लादले गेले. म्हणजे हिशेबाचा प्रश्न बाजूस राहिला आणि प्रश्न विचारण्याची रीत हाच विषय झाला. आपल्या संस्था-मंडळांच्या वार्षिक सभांना जे उपस्थित राहतात, त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

येथे एक आक्षेप येतो. सुत्तांत तिरच्छानकथेचा, म्हणजे निरर्थक गप्पांचा निषेध आहे, आणि त्या यादीत राजकथा पहिली आहे. म्हणून विहारात राजकारण नको, रस्ता-पाणी-रेशन नको, असे काही सज्जन सांगतात. हा अर्थ आम्हांस मान्य नाही. राजकथा म्हणजे राजांविषयीच्या चघळचोथा गप्पा. वज्जींवर स्वारी करावी की कसे, हे विचारण्यासाठी अजातशत्रूचा अमात्य वस्सकार आला, तेव्हा भगवंतांनी त्यास तिरच्छानकथा म्हणून परत धाडले नाही. वज्जी वारंवार सभा भरवितात का, एकत्र जमून एकत्र उठतात का, असे आनंदास विचारून त्यांनी सात अपरिहानीय धम्म सांगितले. कूटदंत सुत्तात राज्यातील चोऱ्यामाऱ्या कशा थांबतील ह्याचे उत्तर बियाणे, भांडवल आणि वेतन ह्यांच्या वाटपात शोधलेले आहे. आजींची वाट ह्या कुळातली आहे, पहिल्या कुळातली नव्हे. आणि अभयराजकुमार सुत्तात तर स्पष्टच म्हटले आहे की, सत्य व हितकर वचन ऐकणाऱ्यास अप्रिय असले, तरी योग्य वेळ पाहून तथागत ते बोलतात. अप्रिय आणि अप्रस्तुत हे दोन निराळे शब्द आहेत. सभाध्यक्षांच्या तोंडी ते फार लवकर एक होतात.

जो ग्रंथ आपण वर्षावासात वाचतो, त्याच्या पहिल्याच खंडात एका सभेचे वर्णन आहे, आणि ती सभा पाण्यावरून भरलेली आहे. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय ह्यांत तंटा होतो, सेनापती युद्धाचा ठराव मांडतो, सिद्धार्थ विरोध करतो. आगळीक कोणाची, ह्याची आधी चौकशी व्हावी. दोन आपले, दोन त्यांचे, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा मंडळाने तंटा मिटवावा, अशी सूचना तो मांडतो. तिला अनुमोदन मिळते, तिच्यावर मत घेतले जाते आणि ती प्रचंड बहुमताने पडते. शाक्यांच्या संघाने सिद्धार्थाला बोलू दिले. "ठराव युद्धाचा आहे, चौकशीचा विषय आणू नका" असे कोणी म्हटल्याचे त्यात नाही. पण मतानंतर मात्र संघाने त्याच्यापुढे जे पर्याय ठेवले, ते आपणांस माहीत आहेत : सैन्यात भरती, देहान्त वा देशत्याग, अथवा कुटुंबावर बहिष्कार व जमिनीची जप्ती. बोलण्याचे स्वातंत्र्य दिले, बोलल्याप्रमाणे वागण्याचे दिले नाही. आटपाडीच्या किंवा जतच्या विहारात हा भाग वाचला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांना पाण्यावरून भरणारी सभा म्हणजे काय, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पाण्याचा उल्लेख आलाच आहे, तर ह्याच मुलखातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. येरळा नदीवर लोकांनी उभारलेले बळीराजा धरण आणि पुढे खानापूर-आटपाडी भागात झालेली समन्यायी पाणीवाटपाची चळवळ ह्यांनी, ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा हवा, अशी मागणी केली. पाणी म्हणजे शेतीचे पाणी, आणि शेती म्हणजे शेतमालक, असे जोवर सभेने गृहीत धरले आहे, तोवर भूमिहीनाचे प्रत्येक वाक्य विषयांतरच ठरते. विषय कोणी ठरविला, ह्यावर विषयांतर कोणाचे, हे ठरते.

गावाच्या सभेत पूर्वी आपला अनुभव ह्याहूनही करडा होता. चावडीवर बोलावणे आले तर ते काम सांगण्यासाठी. आपल्या सभेची जागा म्हणजे आपला तक्क्या. ज्या सातारा शहरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालभीमाचे नाव शाळेच्या पटावर चढले, तेथेही वर्गात वेगळे बसणे सुटले नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये राज्यघटना करून आजच्या सातारा-सांगलीत विखुरलेल्या आपल्या गावांत निवडलेल्या पंचायतींचे राज्य आणले. त्या प्रयोगाचे कौतुक झाले व ते योग्यच होते. परंतु गावाची सभा म्हणजे आपोआप सर्वांची सभा नव्हे, हे बाबासाहेब १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर आणि पुन्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बजावून सांगत होते.

आजच्या ग्रामसभेस १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचा आधार आहे, आणि वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे. तिच्या विषयपत्रिकेत शेवटी बहुधा एक ओळ असते : अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. आजींच्या वाटेला खरी जागा ती. पण व्यवहारात ह्या ओळीचे काय होते? सामान्य माणसाने ऐनवेळी प्रश्न विचारला की वेळ संपलेली असते. आणि ज्याचा आधी कोणास पत्ता नाही असा ठराव ऐनवेळचा विषय म्हणून बिनबोभाट इतिवृत्तात शिरतो. विनयाची व्यवस्था ह्याच्या नेमकी उलट आहे. महावग्गाच्या चंपेय्यक्खंधकात सांगितल्याप्रमाणे ञत्ति न मांडता केलेले कर्म, किंवा अपुऱ्या संघाने केलेले कर्म, हे कर्मच नव्हे. महत्त्वाच्या कर्मात ठराव तीनदा उच्चारायचा, आणि ज्यास मान्य नाही त्याने बोलावे असे दर वेळी सांगायचे. आजारी भिक्खूने आपली संमती पाठवायची. म्हणजे निर्णयावर बंधने कडक, आणि विरोधासाठी दार तीनदा उघडे. ऐनवेळचा प्रश्न मोकळा असावा, ऐनवेळचा ठराव नसावा.

ह्यावर कोणी महाडचे उदाहरण देईल. २० मार्च १९२७ रोजी परिषदेचे कामकाज संपत आले असता अनंतराव चित्रे ह्यांनी उठून चवदार तळ्यावर जाण्याची सूचना केली, आणि परिषद उठून तळ्याकडे निघाली. खरे आहे. पण तो ठराव कोणाच्या नकळत इतिवृत्तात घातलेला नव्हता. ज्यांनी तो अंमलात आणायचा, ते हजारो लोक समोर होते आणि स्वतःच्या पायांनी निघाले. विनयाच्या भाषेत त्यास समग्ग म्हणावे लागेल.

संविधानानेही सभेतील वाणीस नियमांशी बांधले आहे. अनुच्छेद १०५ संसदेत आणि १९४ विधिमंडळात भाषणस्वातंत्र्य देतो, पण ते कार्यपद्धतीच्या नियमांच्या अधीन राहून. हे बाबासाहेबांना आपल्याहून अधिक ठाऊक होते. तरी १९५१ च्या ऑक्टोबरात, मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे निवेदन करण्यापूर्वी त्याची प्रत आधी द्या, असे उपाध्यक्षांनी सांगितले, तेव्हा त्यांनी सभागृह सोडले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. नियम पाळणे आणि बोलण्याची आगाऊ तपासणी होऊ देणे ह्यांत ते फरक करीत होते.

आता विहारातील वाचनाकडे परत येऊ. प्रश्नोत्तरांपूर्वी त्या दिवशीचा विषय सूत्रसंचालकाने एका वाक्यात स्पष्ट सांगावा, ही ञत्ति. विषयाबाहेरचा प्रश्न आला तर तो वहीत, विचारणाऱ्याच्या नावासह लिहून घ्यावा आणि त्याचा विचार कोणत्या दिवशी होईल ते तेथेच सांगावे. गटातटाचे भांडण सुरू झाले तर थांबविण्याचा निर्णय एकट्या सूत्रसंचालकाने न करता जमलेल्यांना विचारून करावा. जाताजाता एवढेही सुचवितो की, जयंतीच्या सभेत सत्कार, शाल आणि नारळ ह्यांत पाऊण तास जातो. विषयाला धरून बोलण्याचा आग्रह तेथूनही सुरू करता येईल.

वहीतील प्रश्नांसाठी दिवस शोधण्याचीही गरज नाही. वर्षावासाच्या समाप्तीस भिक्खुसंघात पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, अगदी ज्येष्ठ स्थविरही, उकिडवा बसून, हात जोडून संघाला विनंती करतो की माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले वा शंकेस आले असेल तर सांगा. त्या दिवशी तक्रार हाच विषय असतो. अश्विन पौर्णिमेला ग्रंथाचा समारोप, खीरदान आणि भोजन आपण करतोच. त्याआधी तासभर विहार समितीने खुर्च्यांवरून उतरून सतरंजीवर बसावे, वही उघडावी, आणि पहिला प्रश्न वाचावा : मसणवट्याच्या वाटेचे काय झाले?